‘तांत्रिक व्यत्यय’ कसला?

प्रश्न : ताई, मी बॉस्टनजवळ एम.एस. करते. फेब्रुवारीत, कृष्णवर्णीय इतिहासाच्या महिन्यात, आमचं झूमवर कवितावाचन होतं. मैत्रीण दुसऱ्या कडव्यावर असताना चार-पाच जण घुसले, वांशिक शिव्या देऊ लागले. तिने हातातला कागद खाली ठेवला, कॅमेरा बंद केला. विद्यापीठाच्या ईमेलमध्ये मात्र फक्त ‘तांत्रिक व्यत्यय’. काय करू?

उत्तर : तो शब्द वाचून माझा संताप झाला. वायफाय जातं तो व्यत्यय; हा हल्ला होता. आधी मैत्रिणीला फोन कर. मग आठवतंय तोवर वेळ, दिसलेली नावं लिहून काढ, स्क्रीनशॉट जपून ठेव आणि तिला विचारून लेखी तक्रार द्या. अमेरिकेच्या १९६४च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या संस्थांना वंशभेदाची मनाई करतं. तक्रारीत त्याचा उल्लेख हवाच. मीटिंगमध्ये कोण कधी आलं याच्या नोंदी पुसू नका, असं आयटी विभागाला आजच कळवा. बिंगहॅम्टन आणि बॉस्टन विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२०मधले असे प्रकार तपासले, तेव्हा चिथावणी देणारे बहुतेक आतलेच, लिंक मिळालेले निघाले. म्हणून नुसता पासवर्ड पुरत नाही, प्रत्येकाला वेगळी लिंक मागा. आणि मैत्रिणीची तयारी असेल तर वाचन पुन्हा ठेवा, त्याच दुसऱ्या कडव्यापासून.