‘सरांनी मुलाला मागे खेळवायला घेतलं, म्हणजे संपलं का सगळं?’

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारं एक कुटुंब आमच्याकडे समुपदेशनाला आलं. वडील रेल्वेत, आई घरी शिकवण्या घेते, मुलगा १६ वर्षांचा, अकरावी कॉमर्सला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सातवीपासून फुटबॉलमध्ये फॉरवर्ड (पुढे राहून गोल करणारा) खेळणाऱ्या या मुलाला जूनमध्ये अकादमीच्या सरांनी सेंटर बॅक (आपल्या गोलसमोर मधोमध बचाव करणारा) केलं. तेव्हापासून घरात धुसफूस. पहाटे ५ ला गजर व्हायच्या आत उठणारा मुलगा आता हाक मारल्याशिवाय हलत नाही. जेवताना बोलत नाही. वडील म्हणाले, “पुढे चालेना म्हणून मागे टाकला. आता फुटबॉल पुरे, सीएची तयारी करू दे.” आईची काळजी वेगळीच होती. “उंचावरून आलेला बॉल डोक्याने मारतात ना मॅडम, ते मला बघवत नाही.”

हा प्रश्न बडोद्यात जरा जास्तच टोचतो. इथल्या घरांत खेळ मोजायची भाषा क्रिकेटची. विजय हजारेंच्या गावात तिसऱ्या नंबरच्या फलंदाजाला नवव्या नंबरवर पाठवलं, तर त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. फुटबॉलमध्ये मागे नेणं म्हणजे खाली ढकलणं नव्हे. पण हे नुसतं सांगून पटत नाही, दाखवावं लागतं.

त्याआधी एक गोष्ट तपासणं भाग होतं. मुलगा खट्टू आहे की नैराश्याकडे झुकलाय? सलग दोन आठवड्यांहून जास्त झोप बिघडलेली असेल, भूक गेलेली असेल, मित्र, मोबाइल, आवडीचं खाणं अशा कशातच मन लागत नसेल, किंवा ‘मी कशाला जगतोय’ अशी भाषा येत असेल, तर करिअरची चर्चा बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. या मुलाची झोप नीट होती, मित्रांत हसत होता, शेव-उसळ अजून दोन प्लेट खात होता. दुखत होतं ते एकाच जागी.

ती जागा त्याच्या वहीत सापडली. दोनशे पानी, कव्हर लावलेली. प्रत्येक पानावर तारीख, समोरचा संघ आणि आपण केलेले गोल. जूननंतरची पानं कोरी. “आता लिहायला काही नसतं,” तो म्हणाला.

त्याच्या परवानगीने सरांशी बोललो. सर म्हणाले, पहिल्या पाच मीटरमध्ये त्याचा वेग बेताचा आहे, फॉरवर्ड म्हणून पुढच्या वयोगटात तो अडकेल. पण चेंडू कुठे पडणार हे त्याला इतरांआधी कळतं, दोन्ही पायांनी पास देतो आणि मैदानात बोलतो. मागच्या फळीत न बोलणारा खेळाडू कितीही चांगला असला तरी उपयोगाचा नाही. ही सगळी कारणं सरांनी मुलाला सांगितलीच नव्हती. सराव संपताना “उद्यापासून मागे” एवढंच. अशा प्रकरणांत निम्मं दुखणं इथलं असतं. पालकांनी सरांना भेटून दोनच प्रश्न विचारावेत: याच्यात काय दिसलं म्हणून मागे घेतलं, आणि पुढच्या सहा महिन्यांत याने काय शिकायला हवं?

दुसऱ्या बैठकीला वडिलांनी मामाने काढलेला सामन्याचा व्हिडिओ आणला. कॅमेरा चेंडूमागे धावत होता, मुलगा दहा मिनिटांत दोनदा दिसला. “बघा, काही करतच नाही,” वडील म्हणाले. म्हणून पुढच्या सामन्याला मामांना एक काम दिलं: चेंडू विसरायचा आणि २० मिनिटं फक्त भाच्यावर कॅमेरा धरायचा. तो व्हिडिओ आम्ही चौघांनी थांबवत थांबवत पाहिला. समोरचा विंगर (कडेने चढाई करणारा) चेंडू घेऊन येतोय. मुलगा झडप घालत नाही. अंग तिरकं, एक पाय मागे, अंतर साधारण दीड मीटर, छोट्या पावलांनी मागे सरत त्याला बाहेरच्या रेषेकडे ढकलतोय. मध्येच मान वळवून पाठीमागचा फॉरवर्ड कुठे आहे ते बघतो, लेफ्ट बॅकला (डाव्या कडेच्या बचावपटूला) हाताने आत बोलावतो. विंगरचा स्पर्श जरा लांब गेला, तेव्हाच पाय घातला. सगळं मिळून सहा-सात सेकंद. पहिल्या व्हिडिओत अशा वेळी फक्त ‘बॉल बाहेर गेला’ एवढंच दिसलं असतं. आईने तो तुकडा परत लावायला सांगितला.

त्याच व्हिडिओत चूकही सापडली, तीही फॉरवर्डच्या सवयीची. चेंडू हवेत असताना तो चेंडूकडेच टक लावून राहिला आणि त्याचा माणूस पाठीमागून निसटला. नवे डिफेंडर (बचावपटू) बरेच गोल असेच खातात. दुसरी नेहमीची चूक उतावळेपणाची: उभं राहून अडवायच्या जागी जमिनीवर घसरायचं. घसरलेला डिफेंडर पुढचे दोन सेकंद खेळात नसतो. तिसरी, चेंडू काढताना तो गोलसमोर मधोमध मारणं. उंच, लांब आणि बाजूला, हा क्रम अंगवळणी पडायला महिने लागतात.

वहीत आता चार रकाने आखून दिले: मान वळवून मागे किती वेळा बघितलं, किती चेंडू अडवले, पहिला पास आपल्या माणसाला किती वेळा पोचला, आपला माणूस किती वेळा सुटला. मोजायचं काम मामांकडे.

मग वडिलांच्या खऱ्या प्रश्नावर आलो. डिफेंडरला भविष्य आहे का?

आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग, देशातली क्लबांची मोठी स्पर्धा) २०२१-२२ च्या हंगामापासून मैदानावर एका वेळी जास्तीत जास्त चार परदेशी खेळाडू उतरवता येऊ लागले, म्हणजे किमान सात भारतीय. बहुतेक क्लब परदेशी जागा पुढे गोल करणाऱ्यांवर खर्च करतात. म्हणून भारतीय सेंटर फॉरवर्डला जागा मिळवणं फार अवघड जातं, तर बचावफळीत भारतीयांना त्या मानाने जास्त जागा असतात. सरांनी मुलाला गर्दीच्या दारातून काढून कमी गर्दीच्या दाराशी उभं केलं होतं.

डिफेंडर उशिरा पिकतो, हेही घरच्यांना माहीत हवं. मुंबईचा राहुल भेके २०१९ मध्ये भारताकडून पहिला सामना खेळला तेव्हा २८ वर्षांचा होता. त्याच वर्षी मार्चमध्ये आयएसएलच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत कॉर्नरवर हेडर मारून त्याने बेंगळुरूला विजेतेपद मिळवून दिलं होतं. केरळचा अनस एडथोडिका २०१७ मध्ये भारतीय संघात आला तो तिशीत. आगाऊ ओळखणं, जागा धरणं, कधी पुढे सरकायचं आणि कधी मागे यायचं, हे सामने खेळूनच येतं. शिवाय डिफेंडरची एक चूक थेट गोलच्या खात्यात जाते, म्हणून प्रशिक्षक नवख्यावर लवकर विसंबत नाहीत. सोळाव्या वर्षी ‘निवड झाली नाही’ यावरून निकाल लावायचा नसतो.

पण गोड बोलून पाठवणं आमचं काम नाही. २०२५ मध्ये आयएसएलचा हंगाम व्यावसायिक हक्कांच्या करारावरून लटकला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. संदेश झिंगनसारख्या देशातल्या आघाडीच्या डिफेंडरला गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापतीमुळे २०१९-२० च्या हंगामाला मुकावं लागलं, २०२४ मध्ये झालेल्या आशियाई चषकात पुन्हा गुडघा गेला. या दुखापतीतून परतायला साधारण नऊ महिने लागतात, घाई केली तर गुडघा परत जातो. म्हणून शिक्षण सोडायचं नाही, हे आम्ही मुलाला वडिलांसमोरच सांगितलं. आणि वडिलांना मुलासमोर सांगितलं, की कॉमर्स आणि फुटबॉल ही दोन वर्षं तरी एकत्र चालतात.

उंचीचाही हिशोब केला. मुलगा १७५ सेंटिमीटर, वडील १७२, आई १५८. मुलाची अंदाजे उंची काढायची तर आई-वडिलांच्या उंचीच्या बेरजेत १३ मिळवून निम्मे करायचे: १७१.५, त्यात साधारण आठ-साडेआठ सेंटिमीटर इकडे-तिकडे. म्हणजे सहा फुटांची आशा धरू नये. २००६ च्या विश्वविजेत्या इटलीचा कप्तान फाबिओ कान्नावारो या मुलाच्याच उंचीच्या आसपासचा सेंटर बॅक होता, पण तो अपवाद आहे हे मुलाला स्पष्ट सांगितलं. क्लब मध्यभागी उंच मुलं शोधतात. त्याने राइट बॅकची जागाही शिकून ठेवावी, असं सरांशी बोलून ठरलं.

आईची काळजी पालक अनेकदा हसून उडवतात. ती उडवण्यासारखी नाही. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या. २०१९ मध्ये दिसलं, की मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणारे मृत्यू त्यांच्यात सर्वसामान्यांच्या सुमारे साडेतीन पट आहेत. २०२१ मध्ये जागेनुसार बघितलं, तेव्हा असे आजार होण्याचा धोका डिफेंडरांत सर्वांत जास्त निघाला, सुमारे पाच पट. गोलकीपरांत तो सर्वसामान्यांइतकाच होता. हे जुन्या पिढीचे खेळाडू, पण दुर्लक्ष करावं असं यात काही नाही. इंग्लंडमध्ये २०२१ पासून व्यावसायिकांनाही सरावात आठवड्याला जोराचे १० हेडरच, अशी मार्गदर्शक मर्यादा आहे. सोळा वर्षांच्या मुलाने त्याहून कमीच घ्यावेत. तंत्र शिकताना हाताने टाकलेला हलका चेंडू घ्यावा, कपाळाने मारावा, मानेचे व्यायाम करावेत. डोक्याला मार लागून गरगरलं, मळमळलं किंवा गोंधळल्यासारखं झालं, तर त्या दिवशी परत मैदानात उतरायचं नाही. ‘जरा पाणी पिऊन जा’ चालणार नाही. आईने हे वहीच्या पहिल्या पानावर स्वतः लिहिलं.

हृदयाची तपासणीही सांगितली, ईसीजी आणि इको. अन्वर अली या भारतीय डिफेंडरच्या हृदयातला दोष २०१९ मध्ये लक्षात आला, खेळ थांबला आणि वैद्यकीय परवानगीनंतर तो परतला. तपासणी झाली म्हणून हे कळलं.

तिसऱ्या बैठकीत वडिलांनी मोबाइल पुढे केला. कुणा ‘एजंट’चा मेसेज: युरोपात क्लब ट्रायल, निवड झाल्यास करार, आगाऊ रक्कम भरा. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमांप्रमाणे १८ वर्षांखालच्या खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली होत नाही. अपवाद मोजके आहेत, उदाहरणार्थ पालक फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर. बडोद्याच्या १६ वर्षांच्या मुलाला तिथला क्लब नोंदवूच शकत नाही, मग ‘करार’ कसला? एजंटकडे फिफाचा परवाना लागतो आणि अल्पवयीन मुलाशी बोलण्याआधी पालकांची लेखी संमती. वडिलांनी परवाना क्रमांक विचारला. दोन दिवस उत्तर नाही, मग नंबर ब्लॉक.

त्यापेक्षा घरचे कागद नीट करा, असं सुचवलं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत नाव आणि जन्मतारीख जन्मदाखल्याप्रमाणे आहे का? वयोगटाच्या स्पर्धांत डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडाचं वय बघतात, तारीख ‘जुळवून’ घेतलेली मुलं तिथे अडकतात. प्रमाणपत्रं जपावीत, पण कुठली ते कळायला हवं. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडू कोट्यासाठी ठरावीक नमुने आहेत: राष्ट्रीय स्पर्धेसाठी राज्य संघटनेचा नमुना २, आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी नमुना ३, राष्ट्रीय शालेय स्पर्धेसाठी नमुना ४. खुल्या टुर्नामेंटच्या ट्रॉफीला तिथे किंमत नाही. रेल्वेतल्या वडिलांना हे लगेच उमगलं, आणि पदवीला विद्यापीठाचा संघ का महत्त्वाचा तेही.

शेवटी एक पान लिहिलं. बारावीच्या परीक्षेपर्यंत आठवड्याला चार सराव, एक सामना, एक दिवस पूर्ण विश्रांती. प्रत्येक सरावाआधी २० मिनिटांचा ‘फिफा ११+’ वॉर्म-अप, कारण गुडघा-घोट्याच्या इजा त्याने कमी होतात. सर्दी-खोकल्याचं औषधसुद्धा नाडाच्या (उत्तेजक द्रव्यांवर लक्ष ठेवणारी राष्ट्रीय संस्था) ‘नो युवर मेडिसिन’ अॅपवर तपासून. परीक्षेआधीचे सहा आठवडे सराव दोनच दिवस. परीक्षेनंतर सर, आई-वडील आणि मुलगा यांनी बसून फेरविचार करायचा, तोवर ‘सोडून दे’ हा शब्द घरात नाही.

दिवाळीनंतर मुलगा वही घेऊन आला. मागे बघितलं: ३८. माणूस सुटला: २. दुसऱ्या आकड्याभोवती त्याने लाल गोल केला होता आणि शेजारी लिहिलं होतं, ‘दोन्ही वेळा डाव्या खांद्यावरून. सरांना विचारणे.’