ड्रायरची हवा जाते कुठे?

घर आणि दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला जुनं टाउनहाउस घेतलं. ड्रायर गॅसवर चालणारा, तळघरात आहे. आधीच्या मालकांनी त्याला पांढरा, चुण्यांचा प्लास्टिकचा पाइप जोडून तो भिंतीतून गॅरेजमध्ये सोडून दिलाय. गॅरेजमधल्या सामानावर करड्या लवीचा थर बसतो. एका फेरीत कपडे वाळत नाहीत, पुन्हा मशीन लावावं लागतं. घरात बाळ आहे, सासूबाई भारतातून आल्यात, त्यामुळे ड्रायर रोज चालतो. इथली घरमालकांची असोसिएशन बाहेर दोरी बांधू देत नाही. नवरा म्हणतो, शनिवारी सामान आणून आपणच नवा पाइप टाकू. जमेल का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : ताई, पाइप टाकायचं काम त्यांना जमेल. पण तो टाकून होईपर्यंत ड्रायर लावू नका. बाळाचे कपडे तोवर लॉन्ड्रोमॅटमध्ये वाळवून आणा, किंवा घरातच स्टँडवर पंख्याखाली टाका.

एवढं ठामपणे सांगतोय त्याचं कारण गॅस. विजेच्या ड्रायरमधून गरम, दमट हवा आणि लव बाहेर पडते. गॅसच्या ड्रायरमधून त्याबरोबर जळलेल्या गॅसचा धूरही येतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही. गॅरेज घराला लागून आहे. मधलं दार उघडलं की तिथली हवा घरात येणार. तळघरात आणि झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म आहेत का, ते आज रात्रीच बघा. त्यांचं बटण दाबून आवाज येतो का तेही तपासा.

आता तो पांढरा पाइप. घरं तपासण्याचं माझं काम आहे, आणि तळघरात उतरलो की ड्रायरच्या मागे टॉर्च मारल्याशिवाय मी वर येत नाही. हा पाइप जुन्या घरांत अजून सापडतो. त्याच्या प्रत्येक चुणीत लव अडकते, तो मशीनमागे चेपतो, आणि ठिणगी पडलीच तर लव आणि पाइप दोन्ही पेटतात. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा हिशोब मांडला, तेव्हा घरगुती ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० निघाल्या. त्यांतल्या ३४ टक्के आगींमागे साफसफाई न करणं हे कारण होतं. तुमचे कपडे दोनदा वाळवावे लागतात, त्याचा अर्थ हवेची वाट कुठेतरी तुंबली आहे. मशीन बदलून त्यात फरक पडणार नाही.

तर पाइप हवा धातूचा, आतून गुळगुळीत, ४ इंच व्यासाचा. गॅल्व्हनाइज्ड किंवा अ‍ॅल्युमिनियमचे कडक पाइप हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. चकाकणारा पातळ फॉइलचा लवचिक पाइप स्वस्त असतो आणि घडी करून पिशवीतून नेता येतो, पण पूर्ण लांबीला तो वापरायचा नाही. मशीन आणि भिंतीतला पाइप यांच्यामधल्या जोडासाठीच लवचिक तुकडा चालतो. तोही ड्रायरसाठी प्रमाणित असलेला, एकच, ८ फुटांपेक्षा कमी, आणि डोळ्यांसमोर राहणारा. भिंतीत किंवा छतात तो कधीही लपवू नका. माझं मत विचाराल तर तिथे अर्धकडक अ‍ॅल्युमिनियमचा घ्या. मशीन मागे ढकललं तरी तो सहज चेपत नाही.

खरेदीला जाण्याआधी मापं घ्या. घरांसाठीच्या प्रचलित बांधकाम नियमांत पाइपची लांबी ३५ फुटांपर्यंत चालते, पण काटकोनी वळण आलं की प्रत्येकी ५ फूट कापायचे, ४५ अंशांच्या वळणाला अडीच फूट. समजा, तुमचा पाइप भिंतीलगत ६ फूट वर गेला आणि तिथून तुळयांच्या मधून १६ फूट आडवा बाहेरच्या भिंतीपर्यंत. झाले २२. खाली एक आणि छताशी एक अशा दोन एल्बोंचे १० धरले की ३२, म्हणजे बसतंय. एखादी तुळई चुकवायला तिसरा एल्बो टाकलात तर ३७ होतात, आणि मग बसत नाही. अशा वेळी मोठ्या गोलाईचे एल्बो घ्या, त्यांचे आकडे बरेच कमी धरतात, किंवा ड्रायरच बाहेरच्या भिंतीजवळ सरकवा. मशीनच्या पुस्तिकेत कंपनीने स्वतःची मर्यादा दिलेली असते, तीही वाचा. दोन तास मापात गेले तरी जाऊ द्या. या कामातल्या बहुतेक चुका मापं न घेता पाइप विकत आणल्यामुळे होतात.

पाइप जोडताना एका तुकड्याचं निमुळतं टोक पुढच्या तुकड्यात जायला हवं, तेही हवा ज्या दिशेला जाते त्या दिशेने. उलटं जोडलं तर सांध्याच्या कडेवर लव साठत जाते. स्क्रू शक्यतो नकोत, कारण त्यांची टोकं पाइपच्या आत डोकावतात आणि त्यांवर लवीचे पुंजके लटकतात. सांध्यांवर धातूची फॉइल टेप लावा. कापडी डक्ट टेप नावाने इथलीच वाटते, पण उष्णतेने तिचा गोंद सुकून ती सुटते. आडव्या पाइपला पट्टीचा आधार द्या, झोल पडू देऊ नका, आणि बाहेरच्या दिशेने किंचित उतार ठेवा म्हणजे आत पाणी साचणार नाही.

भिंतीला भोक पाडण्याआधी आतून बारीक ड्रिल मारून बघा. तिथे वायर, पाण्याची नळी किंवा लाकडी खांब नाही याची खात्री झाली की मगच सव्वाचार इंची होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) चालवा. बाहेर झडपेचं व्हेंट-हूड बसवून कडेने सिलिकॉन भरा. हूड जमिनीपासून किमान १२ इंच वर आणि कुठल्याही खिडकी-दारापासून ३ फूट दूर हवं. हूडवर जाळी लावायचा मोह होईल, कारण वसंतात तिथे पक्षी घरटी करतात. बारीक जाळी लावू नका. काही आठवड्यांत ती लवीने बुजते. थंडीत बर्फ पडला की घरापुढचा रस्ता साफ करताना हे हूडही मोकळं करा, तुमच्याकडे गॅसचा ड्रायर असल्याने तर नक्कीच.

गॅरेजच्या भिंतीतलं जुनं भोक नीट बुजवा. गॅरेज आणि घर यांच्यामधली भिंत आग रोखण्यासाठी असते, त्यामुळे नुसता फोम मारून भागत नाही. मूळ भिंतीसारखाच जिप्सम बोर्ड लावा.

दोन गोष्टी मात्र यजमानांनी करू नयेत. गॅसची नळी सोडणं-जोडणं परवानाधारक प्लंबरकडेच द्या. ड्रायर ओढताना त्या नळीला ताण बसतो, म्हणून मशीन सरकवायच्या वेळीही तो हजर असलेला बरा. दुसरं, बाहेरची भिंत टाउनहाउसमध्ये बहुधा असोसिएशनच्या ताब्यात असते. लेखी परवानगी घ्या, आणि परमिट लागेल का ते टाउनशिपच्या बांधकाम खात्यात विचारा.

सगळं झालं की ड्रायर चालू करून बाहेर जा आणि हूडसमोर हात धरा. झडप पूर्ण उघडून हातावर जोरदार झोत यायला हवा. पुढे प्रत्येक फेरीनंतर मशीनमधली लव अडवणारी जाळी साफ करा आणि वर्षातून एकदा लांब ब्रशने पूर्ण पाइप. सासूबाईंनाही जाळी दाखवून ठेवा. दिवसभर घरात त्याच असतील.

प्रश्न : पावसाळ्यासाठी व्हेंटचा विजेचा ड्रायर घेतला. ड्राय बाल्कनीला स्लायडिंग खिडक्या आहेत. सोसायटी भिंतीला भोक पाडू देत नाही. पाइप किचनच्या चिमणीच्या डक्टला जोडला तर?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : नको. चिमणीच्या डक्टमध्ये तेलाचा चिकट थर असतो, त्यावर लव बसली की आगीला आयतं सरपण. मशीनसोबत आलेला पाइप कमीत कमी लांबीत खिडकीबाहेर काढा: एक काच सरकवून त्या जागी पत्र्याची किंवा अ‍ॅक्रिलिकची पट्टी बसवा आणि तिला गोल भोक पाडून घ्या. आत हवा यायला दुसरी खिडकी थोडी उघडी हवी. पाइप बाल्कनीतच सोडलात तर जुलैत भिंतींना बुरशी येईल. वीज १६ अँपिअरच्या स्वतंत्र सॉकेटवरून घ्या, एक्स्टेन्शन बोर्डवरून नको. मशीन परत करता येत असेल तर कंडेन्सर किंवा हीट पंपचा ड्रायर बघा. त्याला व्हेंट लागत नाही.

प्रश्न : दिवाळीच्या अभ्यंगानंतरचे टॉवेल धुऊन ड्रायरमध्ये टाकले, तरी तेलाचा वास राहिला. काही धोका आहे का?
— एक वाचक, नेपरविल

उत्तर : आहे. तिळाच्या, सूर्यफुलाच्या तेलाची हवेशी प्रक्रिया होते आणि त्यातून उष्णता निघते. टॉवेल गरम असतानाच त्यांचा ढीग घातला तर ती उष्णता आत कोंडून कापड आपोआप पेटू शकतं, मशीन बंद झाल्यानंतरही. वास येतोय म्हणजे तेल गेलेलं नाही. असे टॉवेल, तसंच तळणीनंतर हात पुसायचे कपडे, गरम पाण्यात भरपूर डिटर्जंट घालून पुन्हा धुवा आणि हवेवरच वाळवा. याआधी वाळवलेले टॉवेल गरम असतानाच कपाटात रचून ठेवले असतील, तर ते आत्ताच काढून एकेक पसरून ठेवा.