टीवायचे दोन विषय

पल्लवी, तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस. माझ्या भाचीच्या वयाची आहेस. तू लिहिलंस की डिसेंबरात लग्न करून न्यू जर्सीला येतेस, नवरा एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे, टीवाय बीकॉमचे दोन विषय राहिलेत. तिकडे क्रेडिट ट्रान्सफर करून आणि परीक्षा देऊन डिग्री पुरी करता येते म्हणतात, ते खरं का? खरं आहे. मी केलीय. २००३ साली मीही टीवायचे दोन विषय मागे टाकूनच विमानात बसले होते, म्हणून तुझा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही. एच-फोरवर, म्हणजे एच-वनवाल्याच्या बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, शिकता येतं, नोकरीचं काय, हे सगळं सरकारी पानांवर नीट दिलंय. त्यात मी शिरत नाही.

ते दोन विषय सोडवून ये. एवढं एक वाक्य मला तेव्हा कुणीतरी म्हणायला हवं होतं. फॉर्म भर, तिकीट पुढे ढकल, सासरचे कुरकुरतील, कुरकुरू देत. भारतात दोन पेपर पुन्हा द्यायला इथल्या मानाने किरकोळ पैसे लागतात. इथे त्या दोन पेपरांपायी मी तीन वर्षं घालवली. पुरी झालेली डिग्री अख्खी मोजतात. अर्धवट असली की तिचे सुटे पेपर होतात, आणि एकेका पेपरावर घासाघीस चालते.

ती कशी, ते ऐक. क्रेडिट म्हणजे विषयाच्या अभ्यासाचं माप. इथली बॅचलर्स १२० क्रेडिटची, एका विषयाला साधारण तीन. आपल्याकडची मार्कशीटं आधी मूल्यमापन करणाऱ्या संस्थेकडे पाठवायची. ती 'नेसेस' या अशा संस्थांच्या संघटनेची सभासद असावी, नाहीतर बरीच कॉलेजं तिचा कागद घेत नाहीत. आणि 'कोर्स बाय कोर्स' अहवालच माग. स्वस्तातला मागितलास तर त्यात नुसतं 'दोन वर्षं कॉलेज केलं' एवढं लिहून येतं, त्याचा उपयोग शून्य. माझे सुटलेले एकोणीस पेपर होते, त्यांचे ५७ क्रेडिट धरले. कॉलेजने त्यातले ४८ घेतले. बाकीचे 'आमच्याकडे याच्याशी जुळणारं काही नाही' म्हणून गेले. एफवायचा मराठीचा पेपर मात्र 'परकी भाषा' या सदरात तीन क्रेडिट घेऊन बसला. तेव्हा मी मोठ्याने हसले होते.

त्याआधी नावाचा घोळ. आपल्या मार्कशीटवर आडनाव पुढे, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव, मधे नवऱ्याचं. इथल्या ऑफिसातल्या बाईंनी शेवटचा शब्द तो आडनाव असं धरलं आणि माझी फाइल वडिलांच्या नावाने लावली. पाच महिने मी फोन करतेय, पाच महिने त्या सांगतायत की या आडनावाची फाइलच नाही. मग नावं दोन असली तरी बाई एकच, हे सिद्ध करायला मॅरेज सर्टिफिकेट, प्रतिज्ञापत्र, नोटरी. गावी भावाने तीन चकरा मारल्या तेव्हा ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाचा सगळ्या गुणांचा उतारा, निघालं, आणि ते आलं तेव्हा त्यावर आईचं नाव चुकलेलं. अजून आठवलं की डोकं तापतं.

आता परीक्षा. वर्गात न बसता नुसती परीक्षा देऊन क्रेडिट मिळवायचे, त्यात सगळ्यात चालणारी म्हणजे क्लेप. कॉलेज बोर्ड या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची आहे, १९६७ पासून. साधारण दीड तास, कॉम्प्युटरवर, गुण २० ते ८०, आणि ५० आले की बहुतेक कॉलेजं तीन क्रेडिट देतात. मी देत होते तेव्हा फी ८० डॉलरच्या आसपास होती, आता थोडी जास्त आहे, वर सेंटरवाले आपले वेगळे घेतात. 'मॉडर्न स्टेट्स' नावाची संस्था त्यांचा मोफत कोर्स केला की फीचं व्हाउचर देते. माझ्या वेळी ते नव्हतं. अकाउंट्स आणि इकॉनॉमिक्स तुला एफवाय-एसवायच्या जोरावर निघतील. भाषांमध्ये फक्त फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश आहेत, तेव्हा मराठीवर काही मिळेल अशी आशा ठेवू नकोस.

मला घाम फोडला तो अमेरिकन इतिहासाने. पुरंदरचा तह १६६५, हे मला झोपेतून उठवून विचार. पण १७९४ साली दारूवरच्या करापायी इथे बंड झालं होतं हे मला काय माहीत? लायब्ररीतून मुलांच्या विभागातली पुस्तकं आणली, चित्रांची. ती सोपी पडायची. परीक्षेच्या दिवशी पर्स आणि घड्याळ लॉकरमध्ये ठेवायला लावलं. दीड तासात १२० प्रश्न. टाइप करताना बांगड्या वाजायला लागल्या, शेजारचा पोरगा दोनदा वळून बघून गेला, तशा काढून मांडीवर ठेवल्या. शेवटी स्क्रीन विचारते, गुण बघायचेत की रद्द करायचेत? रद्द केले तर किती होते ते कधीच कळत नाही. मी त्या बटणाकडे बघत राहिले. मग 'बघायचेत' दाबलं. ५१. बांगड्या घालायला विसरून, हातात धरूनच बाहेर आले.

अशा दहा परीक्षा दिल्या, ३० क्रेडिट झाले. काउंटी कॉलेजात, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या दोन वर्षांच्या कॉलेजात, संध्याकाळचे चार विषय, १२. म्हणजे ९०. इथपर्यंत वाटतं गंगेत घोडं न्हालं. पण उरलेले ३० वरच्या पातळीचे लागतात, तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे, आणि क्लेप काय किंवा काउंटी कॉलेज काय, दोन्हीकडचे जवळपास सगळे खालच्या पातळीचे. हे मला ७० क्रेडिट जमल्यावर कळलं. तेव्हा आधी कॉलेज ठरव, त्यांच्याकडून काय चालतं ते लेखी घे, मगच परीक्षेचे पैसे भर. बाहेरचे क्रेडिट मोकळ्या हाताने घेणारी तीन नावं इथे सगळे सांगतात: ट्रेंटनचं थॉमस एडिसन, ऑल्बनीचं एक्सेलसियर, कनेटिकटमधलं चार्टर ओक. तिन्ही १९७०च्या दशकापासूनची, नोकरी-संसारवाल्या मोठ्या माणसांसाठीच काढलेली. 'तुमच्या अनुभवावर पंधरा दिवसांत डिग्री' अशी मेल आली तर उघडूसुद्धा नकोस.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. सवय होते.

तू न विचारलेलं एक सांगते. माझा मुलगा २००९ मध्ये किंडरगार्टनला गेला. फॉर्मवर विचारलं होतं, घरी कोणती भाषा बोलता? मी खरं ते लिहिलं. झालं, पोराला रोज वर्गातून उठवून इंग्रजी न येणाऱ्यांच्या गटात बसवायला लागले. त्याला इंग्रजी येत होतं, फक्त लाजरा होता. भेटायला गेले तर त्याच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, घरी इंग्रजीच बोला, त्याच्या भल्याचं आहे. मी म्हटलं, यस मॅडम. माझ्या शेजारी बसलेली दुसरी एक आई त्यांच्याशी भांडली, अभ्यास काय सांगतात ते त्यांना ऐकवलं. ती शिकलेली होती. मी मंडळाच्या गणपतीत सहा वर्षं 'बीकॉम झालंय' सांगत फिरणारी, खरी बारावी पास. माझी काय बिशाद. घरी येऊन त्या संध्याकाळपासून त्याच्याशी मराठी बंद केलं. पुढे दोन वर्षांनी मूल्यमापनाचा कागद आला तेव्हा 'परकी भाषा, तीन क्रेडिट' वाचून हसले ते आधी. मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत उभी राहिले. तो आता एकवीसचा आहे. समजतं सगळं, उत्तर इंग्रजीत देतो. आजीचा व्हिडिओ कॉल आला की 'हो आजी, बरी आहे' म्हणतो आणि फोन माझ्या हातात देतो. बरा आहे म्हणायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नाही.

डिग्री २०१४ मध्ये पुठ्ठ्याच्या पाकिटात पोस्टाने आली. समारंभाला गेले नाही, ऑफिसच्या दिवशी नवऱ्याला रजा घे म्हणवेना. आईला फोन केला. क्रेडिट म्हणजे काय, एकशेवीस कसे झाले, सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे टीवायचे ते दोन सुटले का गं?"

सुटले नाहीत, पल्लवी. ते तसेच आहेत.

आणि हो, ट्रान्सक्रिप्टचे निदान चार संच काढ, विद्यापीठाने सील केलेले, पाकिटाच्या जोडावर शिक्का मारून. हातातल्या बॅगेत ठेव. आणि फोडू नकोस. फोडलं की बाद. २००३ मध्ये वडिलांनी मला एकच संच काढून दिला होता, कधी लागला तर असावा म्हणून. तो मी विमानात फोडला. मराठीत ७१ होते.