‘स्वखर्चाने’ सांगितलेला मोफत मुक्काम

प्रश्न : मी आणि माझे पती मुलुंडला राहतो व मराठीतून प्रवासाचे चॅनेल चालवतो. दिवेआगरच्या एका हॉटेलने आम्हांला दोन रात्री मोफत ठेवून घेतले. त्याबदल्यात एक व्हिडिओ आणि एक लेख द्यायचे ठरले होते. व्हिडिओ पाहून तिथे गेलेल्या काहींनी पोहण्याचा तलाव बंद असल्याचे कळवले, म्हणून आम्ही व्हिडिओखाली तशी सूचना टाकली. त्यावर हॉटेलने वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे : सूचना काढा, खोलीभाड्याचे ४६,००० रुपये भरा आणि बदनामीपोटी ५ लाख रुपये द्या. मुक्काम फुकट होता हे आम्ही सांगितले नाही म्हणून एक प्रेक्षकही तक्रारीची भाषा करतो आहे. हॉटेलला पैसे द्यावे लागतील का?

उत्तर : हॉटेल बदलते, किनारा बदलतो, क्वचित कोकणाऐवजी महाबळेश्वर असते, पण अशा पत्रांतला प्रश्न नेहमी ‘हॉटेलला पैसे द्यावे लागतील का’ हाच असतो, आणि ज्या गोष्टीवर सगळे प्रकरण उभे असते ती शेवटी, जाता जाता, एका वाक्यात उरकलेली असते. आपल्या पत्रातही तेच झाले आहे. हॉटेलच्या मागणीकडे मी नंतर येतो, कारण ती जितक्या मोठ्या आवाजात केली आहे तितकी बळकट नाही. आपण धास्ती घ्यायची ती त्या प्रेक्षकाच्या तक्रारीची, आणि ती किती जड जाईल हे हॉटेलने ईमेलला जोडून पाठवलेल्या अटींतले सहावे कलम आणि आपण वाया घालवलेले पाच महिने यांवर ठरेल.

सहावे कलम आपण सोबत पाठवलेल्या कागदांत मी वाचले. वास्तव्य विनामूल्य असल्याचा उल्लेख पाहुण्याने कोणत्याही माध्यमात करू नये, असा त्याचा आशय आहे. आपण लिहिता की हे जोडपत्र त्या वेळी उघडून पाहिलेच नाही आणि ईमेलला ‘ओके, थँक यू सो मच’ एवढेच उत्तर धाडले. न वाचता मान्य केलेल्या अटीसुद्धा सामान्यतः मान्यच धरल्या जातात, आणि करार ईमेलवर झाला एवढ्याच कारणाने तो निष्प्रभ ठरत नाही, असे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम १०-अ स्पष्ट सांगते. खोली समुद्राकडचीच मिळेल ना, हे आपण त्याच ईमेलमालिकेत दोनदा विचारून घेतलेले दिसते. त्यातली थोडी चिकाटी जोडपत्रासाठी दाखवली असती तर आज हा पत्रव्यवहार करावा लागला नसता.

व्हिडिओही मी पाहिला. सुरुवातीलाच आपण म्हणता, ‘नेहमीप्रमाणे आम्ही स्वखर्चाने आलोय.’ पुढे खोली दाखवताना कॅमेरा टेबलावरून फिरतो. तिथे फळांची परडी आहे, आणि परडीला टेकवून ठेवलेल्या कार्डावर आपल्या चॅनेलचे नाव ठळक अक्षरांत वाचता येते. खाली एका प्रेक्षकाने विचारले आहे, ‘ताई, पैसे भरून राहिलात की हॉटेलने बोलावलं होतं?’ त्याला उत्तर म्हणून आपण हसरा चेहरा टाकला आहे, आणि त्याला आता पाच महिने झाले. शिवाय हॉटेलने स्वतःच्या इन्स्टाग्रामवर आपल्या आदरातिथ्याची संधी मिळाल्याबद्दल आपले नाव घेऊन आभार मानले आहेत. तक्रारदाराला पुरावा शोधत फिरण्याची गरज उरलेली नाही. आपण नुसते गप्प राहिला असता तर अनवधानाने राहून गेले असे म्हणायला जागा होती. सुरुवातीच्या त्या एका वाक्याने ती जागाही ठेवली नाही.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(२८) मध्ये आहे, आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे हा तिचा एक स्वतंत्र भाग आहे. याच कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. शिफारस करणारी व्यक्ती आणि व्यावसायिक यांच्यात असा काही संबंध असेल की ज्याने शिफारशीच्या विश्वासार्हतेवर परिणाम होऊ शकतो, आणि प्रेक्षकाला तो संबंध सहज लक्षात येण्यासारखा नसेल, तर तो पूर्णपणे उघड केला पाहिजे, असे ती सांगतात. संबंध म्हणजे नेमके काय यावर कोणी वाद घालू नये म्हणून ग्राहक व्यवहार विभागाने २० जानेवारी २०२३ रोजी इन्फ्लुएन्सर मंडळींसाठी जी पुस्तिका काढली, तिच्यात पैसे, भेटवस्तू आणि सवलती यांच्या ओळीत सहली व हॉटेलमधील मुक्काम यांचाही थेट उल्लेख आहे. जाहिरात व्यवसायाची स्वनियामक संस्था असलेल्या, आपल्या मुंबईतल्याच, ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलचे अशाच स्वरूपाचे नियम तर १४ जून २०२१ पासून लागू आहेत. नियमच माहीत नव्हता, ही सबब यापुढे कोणी ऐकून घेईल असे मला वाटत नाही.

आपण आणखी दोन कारणे दिली आहेत. पैसे घेतले नव्हते, म्हणून ती जाहिरात नव्हती, हे पहिले. करार कायद्याच्या दृष्टीने मोबदला रोखच असावा लागत नाही. दोन रात्रींची खोली, नाश्ता आणि जेवण हा मोबदलाच होता, आणि आज हॉटेल त्याचीच किंमत ४६,००० रुपये लावते आहे. स्वतः पैसे भरले असते तरी आम्ही हेच बोललो असतो, हे आपले दुसरे कारण. तसे असेलही, आपल्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका घ्यायची नाही. परंतु मोफत पाहुण्याच्या येण्याची वर्दी आधी लागलेली असते, त्याला चांगली खोली राखून ठेवलेली असते, स्वयंपाकघरातून कोणीतरी येऊन ‘सोलकढी आवडली का’ म्हणून विचारून जाते. मे महिन्यात कल्याणहून पैसे भरून येणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला जनरेटरशेजारची खोली येते. आपले डोळे आणि आपली जीभ कितीही प्रामाणिक असली तरी आपण पाहिलेले हॉटेल आणि त्या कुटुंबाला मिळालेले हॉटेल वेगळे असते, आणि आपल्या शब्दाला किती वजन द्यायचे हे त्या कुटुंबाला ठरवता यावे एवढ्यासाठीच हा नियम आहे. मोफत राहण्याला कायद्याची हरकत नाही. माझीही नाही.

तक्रार झालीच तर ती ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या बाबतीत वांद्र्याच्या मुंबई उपनगर कार्यालयात, किंवा थेट प्राधिकरणाकडे, अगदी ऑनलाइनसुद्धा करता येते. कलम २१ खाली प्राधिकरण जाहिरात थांबवण्याचा वा दुरुस्त करण्याचा आदेश देऊ शकते, शिफारस करणाऱ्याला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा उल्लंघन झाल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, तसेच एक वर्षापर्यंत कोणतीही शिफारस करण्यास बंदी घालू शकते. या कमाल मर्यादा आहेत. एका छोट्या मराठी चॅनेलवर प्राधिकरण इतके कठोर होईल असे मला वाटत नाही, मात्र तसे लिहूनही देता येणार नाही. दाव्यांची पुरेशी खातरजमा केली होती, हा कलम २१(५) मधला बचाव आपल्या फारसा कामाचा नाही, कारण त्याचा रोख हॉटेलने केलेल्या दाव्यांच्या खरेपणावर आहे आणि इथे दडवली गेली ती आपली स्वतःची गोष्ट आहे. खरे महत्त्व कलम २१(७) ला आहे : दंड ठरवताना उल्लंघन किती काळ चालू राहिले हे पाहिले जाते. व्हिडिओ आजही तसाच चालू आहे, म्हणजे पाच महिन्यांत दररोज एका दिवसाची भर पडते आहे, आणि ती थांबवणे सर्वस्वी आपल्या हातात आहे.

म्हणून हॉटेलच्या नोटिशीला हात लावण्याआधी व्हिडिओ दुरुस्त करा. मूळ फाइल, सगळ्या टिप्पण्या आणि हॉटेलची ती आभाराची पोस्ट यांच्या तारखेसह प्रती जपून ठेवा; चॅनेलवरून व्हिडिओच उडवून देण्याचा मोह टाळा, कारण पुढे ते पुरावा नष्ट केल्यासारखे दिसेल. ‘स्वखर्चाने’ हे वाक्य कापा. सुरुवातीला, पडद्यावर आणि आवाजातही, आणि व्हिडिओ मराठीत आहे म्हणून मराठीतच, हॉटेलने मुक्काम मोफत दिला होता हे स्पष्ट सांगा; व्हिडिओच्या बाबतीत प्रकटन, म्हणजे ही माहिती उघड करणे, दृश्य आणि ध्वनी या दोन्हींत हवे असे पुस्तिका सांगते, त्यामुळे वर्णनाच्या तळाशी हॅशटॅगांच्या गर्दीत ‘कोलॅब’ लिहून भागणार नाही. यूट्यूबवर पेड प्रमोशनची खूण करण्याची सोय आहे, तीही वापरा. आधी ही माहिती दिली नव्हती आणि अमुक तारखेला दुरुस्ती केली, हेही लिहा. आपण आपल्या हाताने चूक कबूल करतो आहोत असे आपल्याला वाटेल. परंतु कार्डावरचे नाव आणि हॉटेलची पोस्ट समोर असताना नाकारण्यासारखे उरले आहे काय? लेखातही हाच बदल करा.

आता हॉटेल. सहाव्या कलमाने आपल्याला बांधले म्हणून आपण गप्प राहिलो, असे प्राधिकरणासमोर म्हणू नका. ज्या अटीने कायद्याचा हेतूच पराभूत होतो ती करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३ खाली अवैध आहे, आणि अवैध अट पाळली हा बचाव होत नाही. मात्र हेच कलम २३ हॉटेलवर उलटते. प्रेक्षकांपासून सत्य लपवण्याची अट घालणारा पक्ष त्याच कराराच्या जोरावर भरपाई मागायला न्यायालयात उभा राहिला तर पहिला प्रश्न त्यालाच विचारला जाईल. मोबदल्याचा एक भाग बेकायदा असेल तर संपूर्ण करारच शून्य ठरतो, की बेकायदा भाग वगळून उरलेला टिकतो, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतात. याच अधिनियमाचे कलम २४ पहिल्या अर्थाकडे ओढते आणि कलम ५७ दुसऱ्याकडे. मी हॉटेलचा वकील असतो तर पक्षकाराला सहावे कलम असलेला कागद न्यायालयात दाखल करण्यापूर्वी विचार करायला सांगितले असते.

करार टिकला असे धरले तरी कबूल केलेला व्हिडिओ आणि लेख आपण दिलेले आहेत, त्यामुळे खोलीभाडे कशाचे, हा प्रश्न उरतोच. हॉटेलच्या लेखी संमतीशिवाय बारा महिने प्रतिकूल मजकूर टाकू नये, या नवव्या कलमाचा भंग झाला असे ते म्हणतील. पण भंगासाठी रक्कम आधी ठरवलेली असली तरी करार अधिनियमाच्या कलम ७४ खाली न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देते. बदनामीची मागणी तलाव खरोखर बंद होता की नाही यावर पडेल किंवा उभी राहील. इथे एक सावधगिरी बाळगा : ‘आम्ही फक्त प्रेक्षकांच्या तक्रारी पुढे कळवल्या’ हा बचाव पुरेसा नसतो, दुसऱ्याचे म्हणणे पुन्हा सांगणाऱ्यालाही ते सिद्ध करावे लागते. ज्यांनी आपल्याला कळवले त्यांचे संदेश, तलावाचे फोटो आणि तारखा गोळा करा, आणि साक्ष द्यायला कोण तयार आहे ते आताच विचारून ठेवा. तेवढे हाती आले तर सूचना काढू नये, असे माझे मत आहे.

प्राप्तिकराकडेही एकदा पाहा. व्यवसायाच्या ओघात मिळालेल्या वर्षाला २०,००० रुपयांवरच्या लाभावर देणाऱ्याने १० टक्के करकपात करण्याची तरतूद १ जुलै २०२२ पासून १९६१ च्या अधिनियमात कलम १९४-आर म्हणून आली. आपल्या फॉर्म २६-एएस मध्ये, म्हणजे आपल्या नावावर झालेल्या करकपातीच्या वार्षिक तक्त्यात, या मुक्कामाची नोंद दिसत असेल तर हॉटेलने स्वतःच तो व्यावसायिक मोबदला मानला होता, आणि आता त्याचेच भाडे मागणे त्यांना अवघड जाईल. अर्थात मग ते उत्पन्न आपल्या विवरणपत्रात दाखवले आहे का, हे सनदी लेखापालाला विचारावे लागेल.

नोटीस टपालाने येऊन दोन महिने झाले, उत्तराची पंधरा दिवसांची मुदत केव्हाच उलटली, आणि आपण ती कपाटात ठेवून दिली. नोटिशीला उत्तर न देणे म्हणजे कबुली नव्हे, तरी न्यायालय त्यातून प्रतिकूल अर्थ काढू शकते. व्हिडिओ दुरुस्त झाल्यावर आठवड्याच्या आत वकिलामार्फत थोडक्यात उत्तर पाठवा आणि त्यात सहाव्या कलमाचा उल्लेख ठळकपणे करा. माझा अंदाज आहे की ते उत्तर वाचून हॉटेल थंडावेल. दावा झालाच तर आपल्याकडची दिवाणी प्रकरणे कशी चालतात हे आपण जाणताच. तारखांवर तारखा पडत वर्षे जातील आणि ४६,००० रुपयांच्या वादात दोन्ही बाजूंचे त्याहून अधिक पैसे खर्च होतील. परंतु त्या संथपणाच्या भरवशावर राहू नका. समन्स हाती पडल्यापासून प्रतिवादीला लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, देण्यासाठी तीस दिवस असतात, ते फार तर नव्वदपर्यंत वाढवून मिळतात, आणि दावा वाणिज्यिक न्यायालयात गेला तर एकशेवीस दिवसांनंतर कैफियत देण्याचा हक्कच जातो. त्यामुळे समन्स आले तर ते त्याच दिवशी वकिलाकडे न्या.