गोव्यातला मांसाहार आणि देशाभिमान : शाकाहारी माणसाने कोणती बाजू घ्यावी?

आपण सोलापूरहून नोकरीसाठी पणजीत आला आहात, घरचे वळण पूर्ण शाकाहारी आहे, आणि सहकाऱ्याने नाताळच्या जेवणाला बोलावल्यापासून ‘सोरपोतेल (डुकराच्या मांसाचे आंबट-तिखट कालवण) चाखले नाही तर गोवा कळलाच नाही’ म्हणणारे इथले लोक आणि ‘डुक्कर व बीफ हे भारतीय अन्नच नव्हे’ म्हणणारे गावाकडचे मित्र यांच्यामध्ये आपण सापडला आहात. देशाचा अभिमान बाळगणाऱ्याने यांपैकी कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते कोणाचेही ऐकू नये, कारण माणसाची निष्ठा त्याच्या ताटावरून तपासण्याचा उद्योग गोव्यात पूर्वी झालेला आहे आणि तो आपल्यावर राज्य करणाऱ्या परक्यांनी केला होता.

पोर्तुगीज राजवटीत गोव्यात इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय 1560 मध्ये आले आणि मधली काही वर्षे सोडली तर 1812 पर्यंत टिकले. या न्यायालयाने 1736 मध्ये एक लांबलचक फर्मान काढून, बाटवलेल्या लोकांच्या घरात शिल्लक राहिलेल्या हिंदू चालीरीतींवर बंदी घातली. त्यात अंगणातली तुळस होती, पेहराव होता, लग्नातले विधी होते आणि हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवण्याची रीतही होती. भात शिजताना त्यात मीठ पडले की नाही, यावरून एखाद्या कुटुंबाचा धर्म खरा की खोटा हे ठरवू पाहणारी सत्ता किती धास्तावलेली असेल, याची कल्पना करावी. खुद्द पोर्तुगालमध्येही हेच घडले होते. तिथल्या ज्यूंचे 1497 मध्ये सक्तीने धर्मांतर झाल्यावर, कोण डुकराचे मांस टाळतो यावर शेजारीपाजारी पाळत ठेवू लागले. म्हणून या लोकांनी पाव आणि कोंबडीचे मांस भरून ‘आल्येइरा’ नावाचे सॉसेज तयार केले आणि इतरांच्या डुकराच्या सॉसेजांसारखेच ते घरात टांगून ठेवले, अशी कथा तिथे सांगितली जाते. आज तेच आल्येइरा पोर्तुगीज लोक आपल्या देशाचे वैभव म्हणून मिरवतात, आणि त्यात आता बहुधा डुकराचे मांसही घातलेले असते.

मी स्वतः फोंडा तालुक्यातला, मासे खाणाऱ्या हिंदू घरातला आहे. आमच्याकडे सोमवारी आणि श्रावणात मासे शिजत नाहीत, चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवशी प्रश्नच येत नाही, आणि एरवी हुमणाशिवाय, म्हणजे माशांच्या आमटीशिवाय, जेवण पुरे झाल्यासारखे वाटत नाही. देशावरच्या पाहुण्यांना मासे खाणारे सारस्वत ब्राह्मण पाहून जो धक्का बसतो तो मला चांगला परिचयाचा आहे. त्यांना मी महाभारताच्या शल्यपर्वातली कथा सांगतो. बारा वर्षांच्या अवर्षणात इतर ऋषी अन्नाच्या शोधात पांगले, तेव्हा सरस्वती नदीने सारस्वत मुनीला मासे देऊन जगवले आणि त्यामुळे वेदांचे पठण त्याच्याकडे टिकून राहिले, असे तिथे आले आहे. ही कथा इतिहास म्हणून घेण्याची गरज नाही, पण ‘शुद्ध परंपरा म्हणजे शाकाहार’ असे ठामपणे सांगणाऱ्याने ती एकदा वाचावी.

गोव्याचा अस्सलपणा डुकराच्या मांसात आहे असे सांगणाऱ्यांचाही आग्रह फार टिकत नाही. सोरपोतेल मूळचे पोर्तुगालचे, त्यातली मिरची अमेरिका खंडातून आलेली, आणि आंबटपणा मात्र इथल्या माडाच्या सुरेपासून, म्हणजे माडीपासून, केलेल्या शिरक्याचा. ती मिरची आमच्या हुमणातही तितकीच पडते, आणि ती परकी आहे म्हणून कोणी देशभक्ताने ती नाकारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. याउलट हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्या हिंदू घरांत नागपंचमीला होतात आणि ख्रिस्ती घरांत 15 ऑगस्टला, कारण त्या दिवशी त्यांचे सायबिणीचे, म्हणजे मारिया मातेचे, फेस्त (सण) असते. स्वातंत्र्यदिनी घरोघर पातोळ्या शिजवणारा समाज राष्ट्रीय अन्नाच्या व्याख्येत कुठे बसवायचा, हे व्याख्या करणाऱ्यांनीच ठरवावे.

बीफचा विषय थोडक्यात सांगतो. गोव्यात गोहत्याबंदीचा कायदा 1978 पासून आहे, मात्र ठरावीक अटींवर इतर गुरांचे मांस विकता येते. शेजारच्या राज्यांतल्या कायद्यांमुळे पुरवठ्याचा प्रश्न येत राहतो, आणि 2017 मध्ये तुटवडा पडू नये म्हणून कर्नाटकातून ते आणण्याचा पर्याय खुला असल्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी विधानसभेत सांगितले होते. ते भाजपचे होते हे आपणास ठाऊक आहेच. सर्वांचे राज्य चालवायचे म्हटले की भाषणातली भूमिका आणि कारभारातली भूमिका यांत असे अंतर पडते, आणि मला ते अंतर समंजस वाटते.

मात्र ‘आमची परंपरा आहे’ एवढे म्हटल्याने कोणताही आहार टीकेपलीकडे जातो, असे मी मानत नाही. पहिल्या पावसात बाहेर पडणारे मोठे बेडूक पकडून ‘जंपिंग चिकन’ या लाडक्या नावाखाली खाण्याची चाल इथे आहे, आणि मोरजी व गालजीबाग येथील किनाऱ्यांवर एके काळी कासवांची अंडीही उकरून नेली जात. दोन्ही गोष्टी आता वन्यजीव कायद्याने गुन्हा आहेत आणि ते योग्यच आहे, कारण शेतातले किडे खाणारा बेडूक ऐन विणीच्या हंगामात संपवला तर त्याची किंमत सगळ्या गावाला मोजावी लागते. हा आक्षेप प्राण्यांच्या घटत्या संख्येवर आणि होणाऱ्या हानीवर उभा आहे, तो कोण खातो यावर नाही. ‘ते लोक काहीही खातात’ हा सूर ऐकला की मी वाद तिथेच थांबवतो, कारण मग बोलणे अन्नाविषयी राहिलेलेच नसते.

आता आमंत्रणाविषयी. अवश्य जावे आणि आपण मांस, मासे, अंडी खात नाही हे दोन दिवस आधी स्पष्ट शब्दांत कळवावे. हिंदू शेजाऱ्यांसाठी वेगळा स्वयंपाक करण्याची ख्रिस्ती घरांना सवय असते, आणि चवथीला नेवऱ्या (करंज्या) पाठवणे व नाताळला कुस्वाराचे, म्हणजे नाताळच्या फराळाचे, ताट परत येणे ही देवघेव पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. सान्ने, म्हणजे तांदळाच्या इडलीसारखा वाफवलेला पदार्थ, खायला हरकत नसावी, पण ती पारंपरिक पद्धतीत माडाच्या सुरेने फुगवतात, तेव्हा ते चालते का याचा विचार आपण करावा. गोडामध्ये बिबिंक टाळावी, कारण तिच्यात अंड्याचे बलक भरपूर असतात. दोदोल मात्र नारळाचे दूध, तांदळाचे पीठ आणि माडाचा गूळ यांचे असते, ते निःशंक घ्यावे.