रोज तोच रस्ता, तेच पोहे

प्रश्न: ताई, आम्ही इंदूरचे. मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझम आहे. सकाळी आठलाच पोहे हवेत, वर शेव, पण जिरावण (पोह्यांवरचा मसाला) अजिबात नाही, आणि आजीकडे जायचं तर राजवाड्यावरूनच. रंगपंचमीला गेरमुळे, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीमुळे, रस्ता बंद, रिक्षा दुसरीकडून वळली तर कान दाबून तासभर रडला. सासूबाई म्हणतात लाडावलाय. ही सवय मोडायची का?

उत्तर: नको गं, मोडू नकोस. हा हट्ट नाहीये, सासूबाईंनाही शांतपणे हेच सांग. बालमानसोपचारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्येच ऑटिझम असलेल्या ११ मुलांबद्दल लिहिताना सगळं होतं तसंच राहावं ही त्यांची धडपड टिपली होती, आणि आजही निदान करताना डॉक्टर हे लक्षण बघतातच. आवाज, उजेड, गर्दी सगळं एकदम अंगावर येतं ना अशा मुलांच्या, मग पुढे काय होणार हे माहीत असलं की तेवढाच आधार वाटतो, तो रस्ता म्हणजे त्याचा आधारच होता बघ.

दिवसाचं वेळापत्रक चित्रांत लाव, पोहे, बस, शाळा, आजी, एकेक झालं की त्याचं चित्र त्यानेच काढून ठेवायचं. बदलासाठी वेगळ्या रंगाचं एक कार्ड ठेव आणि गेरच्या दोन दिवस आधीच नव्या रस्त्याचे फोटो मोबाईलवर दाखव, जमलं तर एकदा त्याच रस्त्याने फिरवून आण. छान सरप्राइजसुद्धा आधी सांगूनच दे. आणि रडत असेल तेव्हा समजावत बसू नकोस, कमी बोल, शांत जागी ने, नुसती जवळ बस.