लेहला जाताना जादा पेट्रोल : आधी हिशोब, मग कॅन

पहिल्यांदाच बाईकने मनाली-लेह करतोयस, छानच! पण कॅन विकत घ्यायच्या आधी हिशोब कर. मनालीहून जाताना केलाँगच्या अलीकडे तांडी गावात पंप आहे. 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' ही तिथली पाटी प्रसिद्ध आहे. तुझ्या गाडीची टाकी १३ लिटरची आणि घाटात, सामानासकट ॲव्हरेज ३० धरलं, तर ३९० किलोमीटर होतात. म्हणजे कसंबसं पुरेल, आणि तेवढ्यावर विसंबायचं नाही. ५ लिटर जादा घे. १० नको, उगाच वजन वाढतं. तांडीला टाकी काठोकाठ भरायचीच, अर्धी असली तरी.

नवखे सगळ्यात जास्त चुकतात ते इथे:

- पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल. अजिबात नाही! इंधनासाठीच बनवलेला, घट्ट झाकणाचा कॅन घे.
- कॅन गच्च भरणं. उन्हात पेट्रोल फुगतं, उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे कॅन आतून ताणला जातो. वर थोडी जागा सोड आणि झाकण हळूहळू उघड.
- गाडीवर बांधलेल्या कॅनमध्येच भरून घेणं. स्थिर विजेची ठिणगी पडू शकते, म्हणून कॅन जमिनीवर ठेवूनच भरायचा.

कॅन सायलेन्सरपासून लांब, शक्य तितका खाली बांध. टाकीत जागा झाली की लगेच ओतून टाक, मात्र इंजिन गार झाल्यावरच. रात्री तंबूत किंवा खोलीत तो आणायचा नाही.

जादा टाकी बसवणं वगैरे सध्या डोक्यातून काढ. भरलेला कॅन बांधून आधी माळशेज घाट करून ये, पट्टे कुठे सैल पडतात ते तिथेच कळेल.